शिवणीतला केस

ओंकारला नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत काम लागलं, म्हणून मी त्याला शर्ट घेतला. ओंकार माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा. आयटीआय झालाय, फिटर आहे. काम ठेकेदारामार्फत होतं, पण लागलं होतं, आणि घरात पेढे आले होते. कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानात सेल होता, तिथून आकाशी रंगाचा, बारीक उभ्या रेघांचा शर्ट उचलला, पाचशे नव्व्याण्णव रुपयांना. संध्याकाळी सिडकोतल्या घरी गेले आणि पिशवी आईच्या हातात दिली. आईने आधी शर्ट उलटा केला. नवा कपडा हातात आला की ती तो उलटाच करते, रंग आणि माप नंतर. कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि काखेपासून कमरेपर्यंतच्या शिवणीवरून अंगठा सावकाश फिरवत नेला. चाळीस वर्षं पिको-फॉल केलेला तो अंगठा. टीप सैल आहे का, दोरा कच्चा आहे का, हे तिला डोळ्यांपेक्षा त्या अंगठ्याने लवकर कळतं. कमरेच्या जरा वर तो थांबला. "केस हाय," आई म्हणाली. लांब, काळा केस. ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाची कड बांधणाऱ्या दोऱ्यांत गुंतून तसाच शिवला गेलेला. दोन बोटं बाहेर, बाकीचा आत, टिपांच्या खाली. मी चिमटीत धरून ओढायला गेले तर आईने माझं मनगट धरलं. "ओढू नको, शिवण उसवंल." मग केसाकडे बघत म्हणाली, "बाईचा हाय. घाईत व्हती."

कॉलरच्या आतल्या पट्टीवर छापलं होतं, मेड इन बांगलादेश.

मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शाश्वत विकासाची सतरा ध्येयं मुलांकडून दरवर्षी पाठ करून घेते. त्यातलं आठवं ध्येय आर्थिक वाढीचं आणि प्रतिष्ठेच्या कामाचं. २०१५ साली जगातल्या देशांनी मिळून ठरवलं की जे सगळ्यांत गरीब देश आहेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले अल्पविकसित देश, त्यांचं उत्पन्न दरवर्षी किमान ७ टक्क्यांनी वाढावं. ही यादी १९७१ पासूनची आहे. आज तिच्यात ४४ देश उरलेत, त्यातले ३२ आफ्रिकेतले. पन्नास वर्षांत यादीतून बाहेर पडलेले देश दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतात, आणि त्यातही मालदीव, सामोआ, भूतान असे छोटेच जास्त. बांगलादेश १९७५ पासून यादीत आहे. त्याची बाहेर पडायची तारीख ठरली ती २४ नोव्हेंबर २०२६. हे सगळं मी फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात. पण त्या रात्री घरी परत येताना त्रिमूर्ती चौकात सिग्नलला थांबले तेव्हा ७ टक्के हा आकडा डोक्यात काही केल्या नीट बसेना. शर्ट त्या आकड्यात आहे. तो जहाजात चढला तेव्हाच मोजला गेला. केस कुठे मोजला गेला?

आईचं "घाईत व्हती" मला सोडत नव्हतं. कारण घाई म्हणजे काय ते आमच्या घराला फार चांगलं माहीत आहे. आजी सिन्नरची, बिड्या वळायची. आई सात-आठ वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याच्या मापाने पान कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, दोरा, तोंड मुडपायचं. दर हजारावर मजुरी. हजार म्हणजे दिवस उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत, आणि मध्ये चूल, पाणी, पोरं. संध्याकाळी कारखान्यात बिड्या द्यायला गेलं की तिथला माणूस जुडीत हात घालायचा आणि ही सैल, ही वाकडी म्हणत मूठभर बाजूला काढायचा. त्या मूठभर बिड्या मजुरीत धरायच्या नाहीत आणि परतही मिळायच्या नाहीत. आजी काही बोलायची नाही. घरी येऊन आईला म्हणायची, उद्या जरा लवकर उठू. म्हणजे चूक धरली गेली की उपाय एकच, अजून घाई. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला होता. आजीला तो कधी भेटला नाही. आईच्या अंगाला लहानपणी जर्द्याचा वास यायचा, म्हणून शाळेतल्या मुली तिच्याजवळ बसायच्या नाहीत, हे तिने मला मी तीस वर्षांची झाल्यावर सांगितलं.

लग्न होऊन नाशिकला आल्यावर तिने शिलाई मशीन घेतलं ते हप्त्यांवर. साडीला फॉल लावायचा, पिको करायचा, नगावर पैसे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे साड्यांच्या घड्या. मशीनच्या तेलाचा आणि नव्या कापडाच्या खळीचा एकत्र वास मला आजही दिवाळीचा वास वाटतो. रात्री दोनला जाग आली की पायडलचा आवाज यायचा. घाईत केस मागे बांधायला वेळ नसतो, एक बट सुटते, गालावर येते, हात दोन्ही कापडावर असतात, मान वळवून ती खांद्याने मागे सारायची. ही मान वळवणं मी हजारदा पाहिलंय. त्यामुळे ढाक्याच्या बाजूला कुठेतरी, ट्यूबलाइटच्या लांबलचक रांगेखाली बसलेल्या त्या बाईचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिची मान दिसत होती.

बांगलादेशाच्या निर्यातीतल्या शंभरातले ऐंशीहून जास्त रुपये शिवलेल्या कपड्यांचे असतात. सुमारे चाळीस लाख माणसं त्या कारखान्यांत, निम्म्याहून जास्त बायका. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हे काहीच नव्हतं. तिथल्या एका कंपनीने १३० माणसं कोरियात पाठवली, शिवणकाम शिकायला. ती परत आली, त्यातल्या कित्येकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले आणि बघता बघता देश उभा राहिला. मी हे वर्गात सांगते तेव्हा मनापासून सांगते. जिथे मुलींना गावाबाहेर पाऊल टाकायला मिळत नव्हतं तिथे त्या महिन्याचा पगार हातात घेऊ लागल्या. आसपास कारखाने आले तिथल्या मुली जास्त वर्षं शाळेत राहिल्या, त्यांची लग्नं उशिरा झाली, हे तिथे अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिलंय. ही लहान गोष्ट नाही. मला कुणी विचारलं की आजीने बिड्या वळल्या नसत्या तर बरं झालं असतं का, तर मी काय सांगू? त्या बिड्यांवरच आई सातवीपर्यंत शिकली.

पण २४ एप्रिल २०१३ ही तारीखही मी वर्गात सांगते, आणि ती सांगताना माझा आवाज दरवर्षी बिघडतो. सावर, ढाक्याजवळ. राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे गेले होते. सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावर एक बँक होती, तिने आपल्या माणसांना सांगितलं, येऊ नका. दुकानं बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र सकाळी बोलावलं गेलं. आला नाहीत तर पगार बुडेल, असं सांगितलं गेलं. त्या वेळी तिथला किमान पगार महिन्याला ३,००० टाका होता, टाका म्हणजे तिथलं चलन. ते खाली उभे राहिले, तड्यांकडे बघितलं आणि जिना चढले. नऊच्या सुमाराला वीज गेली, वरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत खाली बसली. १,१३४ माणसं. मला त्या आकड्यापेक्षा जिन्याचा विचार जास्त छळतो. एकाच इमारतीला एकच तडा. बँकेतला माणूस घरी राहू शकला आणि मशीनवरची बाई राहू शकली नाही. दोघांनाही नोकरी होती. देशाच्या उत्पन्नात दोघंही धरले गेले होते.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. तो आमच्या अण्णांनी दाखवला.

अण्णा, माझे वडील, सातपूरच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. पर्मनंट. हा शब्द सिडकोत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पर्मनंट म्हणजे फंड, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, बोनस, आणि किराणावाल्याच्या वहीत आपल्या नावाचं पान. मी तिसरी-चौथीत असताना एकदा ते भर दुपारी घरी आले. पॉवर प्रेसचा गार्ड, म्हणजे हात वाचवणारी जाळी, तुटली होती. अण्णा म्हणाले, या मशीनवर मी बसणार नाही. युनियनच्या माणसाला बोलावलं, साहेबाशी बोलाचाली झाली आणि त्यांनी त्या दिवशी काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी ते घरी आले ते जेवलेच नाहीत. पाटावर बसले, आईने भाकरी वाढली, ते तशीच बघत राहिले. त्या मशीनवर ठेकेदाराचा एक पोरगा बसवला होता, पेठ तालुक्याकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा. त्याची दोन बोटं गेली. "मला न्हाई म्हनता येत व्हतं," अण्णा म्हणाले, "त्याला न्हाई." आईने भाकरी उचलून झाकून ठेवली. त्या पोराचं पुढे काय झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही, कारण तो कंपनीच्या कुठल्याच रजिस्टरला नव्हता. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणातही त्यांनी एकदा मला विचारलं होतं, "त्या पेठच्या पोराचं नाव काय गं व्हतं?"

प्रतिष्ठेचं काम हा शब्द आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ पासून जगभर चालवला. त्याच्या व्याख्येत पगार येतो, सुरक्षितता येते, संघटना करायचा हक्क येतो, आणि ते सगळं बरोबरच आहे. मी मुलांना तीच लिहून देते. पण मनात माझ्यापुरती मी अण्णांचीच धरलीय.

राणा प्लाझानंतर आमच्या स्टाफरूममध्ये एका मॅडमनी म्हटलं होतं, आता तिकडचे कपडे घ्यायलाच नकोत. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण तिथल्या कामगारांचे पुढारीच सांगत होते, बहिष्कार टाकू नका, आमचं काम जाईल. हे त्या वेळी मला पटायला जड गेलं. मग इथिओपियाचं वाचलं. २०१६ साली त्यांनी हवासा शहरात कपड्यांची मोठी औद्योगिक वसाहत उभी केली, देश तेव्हा जगात सगळ्यांत वेगाने वाढणाऱ्यांमध्ये होता. नव्या मुलींना पगार होता महिन्याला २६ डॉलर. त्या पैशांत खोलीचं भाडं आणि जेवण भागत नव्हतं, वर्षभरात बहुतेक मुली सोडून जायच्या. मी रागावले. मग तिथल्या टिग्रे प्रांतातल्या युद्धावरून अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून इथिओपियाच्या मालावरची करमाफी काढून घेतली. ऑर्डरी गेल्या, कंपन्या निघाल्या, आणि त्या २६ डॉलरच्याही नोकऱ्या गेल्या. ते युद्ध त्या मशीनवरच्या मुलींनी सुरू केलं नव्हतं. माझ्या रागाला मग कुठे बसावं तेच कळेना. पगार कमी म्हणून जीव तुटतो आणि तो थांबला तरी तुटतो. हे दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकदम धरून बसणं मला आजही जमत नाही.

आणि आपण नाशिककर या सगळ्यापासून लांब आहोत, असंही नाही. २०१९ च्या सप्टेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा मी निफाडला मामाकडे होते. चाळीत कांदा भरलेला, वरून पाऊस, खालचा थर सडायला लागलेला. तो आंबट, उग्र वास कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नाही. मामा ओट्यावर बसून फोनवर लासलगावचा भाव ऐकत होता आणि प्रत्येक आकड्याला नुसतं "हं" म्हणत होता. आम्ही सगळे तेव्हा मामाचंच दुःख बघत होतो. आपला कांदा तेव्हा जायचा कुठे, तर सगळ्यांत जास्त बांगलादेशात. त्या शरदात तिकडे कांदा किलोला २०० टाकांच्या वर गेला. शिवणकामगाराचा किमान पगार तेव्हा ८,००० टाका होता, म्हणजे सव्वीस दिवसांच्या हिशोबाने दिवसाला तीनशेच्या आसपास. दिवसभर शर्ट शिवून त्या बाईच्या हातात दीड किलो कांदा. दिल्लीतल्या एका कागदाने निफाडच्या ओट्यावर भाव पडला आणि सावरच्या बाजारात चढला, आणि दोन्ही टोकांना बसलेल्या माणसाला त्यात विचारलं कुणीच नाही. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तो या शर्टानंतर, इतक्या वर्षांनी. मामाला फोन करून सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांचंबी आपल्यावानीच हाय मंग."

तिथल्या कामगारांनी २०२३ मध्ये २३,००० टाका मागितले. रस्त्यावर आले, काही जण जिवानिशी गेले. मिळाले १२,५०० टाका. आपल्या तेव्हाच्या साधारण साडेनऊ हजार रुपयांइतके. तरी ३,००० वरून इथवर जे आलं ते कारखान्यांच्या वाढीबरोबर आपसूक आलेलं नाही, दर वेळी कुणीतरी काम थांबवलंय. आपल्याकडची रविवारची सुट्टी माझ्या विद्यार्थ्यांना पंचांगातच लिहिलेली असावी असं वाटतं. ती १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले तेव्हा.

आईला मी हे सगळं एकदा बसून सांगितलं. ती लसूण सोलत होती. बांगलादेश, इथिओपिया, पगार. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बहात्तरला आमचं सुटलं." मला आधी संदर्भ लागेना. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे तर आजीच्या सगळ्यांत वाईट आठवणींचा. सिन्नरच्या बाजूला विहिरींना तळ दिसत होता, जनावरं कवडीमोलाने विकली गेली. आई दहा वर्षांची. सरकारने दुष्काळी कामं काढली, आजी खडी फोडायला जाऊ लागली. उन्हात, डोक्यावर ओला पदर, हाताला फोड. दुपारी सुकडी मिळायची, तिची गोडसर चव आईच्या जिभेवर अजून आहे. यात सुटण्यासारखं काय होतं? आई म्हणाली, "त्या वर्षी बिडीवाल्यानं मूठभर बिड्या काढल्या, तर माझी आई सूप घिऊन उठली. म्हनली, खडीवर जाते." लसणाची पाकळी तिने ताटलीत टाकली. "त्यानं परत दिल्या."

मी बघतच राहिले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी, 'मागेल त्याला काम', १९७७ चा कायदा, त्यावरून २००५ साली देशभर झालेला कायदा, हे सगळं मी वीस वर्षं शिकवतेय. त्याच २००५ साली इथिओपियानेही आपल्या उपाशी तालुक्यांत कामाच्या बदल्यात धान्य आणि रोख द्यायची योजना काढली, तेही शिकवते. त्यावर किती रस्ते झाले, किती तळी झाली, किती मनुष्यदिवस भरले, असे प्रश्न परीक्षेला काढते. पण खडीच्या त्या ढिगामुळे सिन्नरच्या एका बाईला सूप उचलून उभं राहता आलं, हे माझ्या एकाही नोट्समध्ये नाही. खडी फोडणं काही प्रतिष्ठेचं काम नव्हतं. पण ते तिथे होतं, एवढ्यानेच बिडीच्या कारखान्यातला तो हात जुडीतून मागे आला.

सोमवारी ओंकार कामावर गेला. पहिली पाळी, सकाळी सात ते साडेतीन. युनिफॉर्म महिन्याने मिळणार होता, म्हणून आकाशी शर्टच घातला. मी मुद्दाम संध्याकाळी घरी गेले, पहिल्या दिवसाचं ऐकायला. पाच वाजले, सहा वाजले. वहिनीने दोनदा फोन लावला, उचलला नाही. अंबडकडून कामगारांच्या गाड्या येत राहिल्या, प्रत्येक आवाजाला आई दाराकडे बघायची आणि परत पोथीत मान घालायची. नऊ वाजून गेल्यावर तो आला. डोळे लाल, डाव्या बाहीवर तेलाचा मोठा डाग. हसला, म्हणाला, भूक लागलीय. जेवता जेवता सांगू लागला, मशीन कसलं, सुपरवायझर कुठला, कॅन्टीनचा चहा कसा. फोन गेटवरच जमा करायला लावतात.

"साडेतीनला सुटणार व्हता ना?" आईने विचारलं.

"पुढच्या पाळीचा माणूस आला नाही आजी. थांबा म्हणाले."

"मंग?"

"मग थांबलो."

आईने त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली. तो जेवून तसाच आडवा झाला. शर्ट तिने मोरीत नेला, छोट्या स्टुलावर बसली, बाही साबणाने चोळली, ब्रशने घासली, पुन्हा चोळली. तेलाचा डाग निघेना. मी दारात उभी होते. मग तिने शर्ट उलटा केला, बाकीचा हाताने हळूहळू खळबळला. बाजूच्या शिवणीला ब्रश लावला नाही.